नदी, मैलापाणी आणि कोंबडीखतातला प्रतिजैविक-प्रतिरोध मोजायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला मुळा-मुठेचं पाणी, जवळच्या ब्रॉयलर फार्मचं लिटर (शेडच्या जमिनीवरचा भुसा आणि विष्ठेचा थर) आणि ते खत पडणारी शेतं यांतला 'रेझिस्टन्स' (जिवाणूंची प्रतिजैविकांना न जुमानण्याची क्षमता, म्हणजेच प्रतिरोध) वर्षभर मोजायचा आहे. हाताशी एम.एस्सी.चे विद्यार्थी, एक ऑटोक्लेव्ह, दोन इनक्युबेटर आणि मेम्ब्रेन फिल्टरचा संच आहे. रिअल-टाइम पीसीआर (जनुकं मोजणारं यंत्र) नाही, पैसेही बेताचेच. मोजणी कशी करावी, म्हणजे निकाल कुणाच्या तरी उपयोगी पडतील?

सर्वांत आधी प्रश्नाचा रोख बदला. 'नदीत प्रतिरोधी जिवाणू सापडले' हा निष्कर्ष आता कुणालाच पुढे नेत नाही. २०११ साली दिल्लीच्या पाण्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा साचलेल्या आणि वाहत्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत एनडीएम-१ हे प्रतिरोधाचं जनुक मिळालं होतं. त्या काळी नुसतं सापडणं ही मोठी गोष्ट होती. आज भारतातल्या कोणत्याही शहराखालच्या नदीत असे जिवाणू मिळणारच, हे धरून चालायचं. माहिती नाही ती वेगळीच: एकूण किती जिवाणूंपैकी किती प्रतिरोधी, ते प्रमाण महिन्यागणिक कसं हलतं, आणि आपण काही केलं (खत नीट कुजवलं, औषध थांबवलं, मैलापाणी शुद्ध केलं) तर ते खाली येतं का. यासाठी एकच जिवाणू, एकच प्रतिरोध आणि थोड्याच जागा घ्या, पण त्याच जागांवर पुन्हापुन्हा जा. वीस औषधांच्या चकत्या (औषध भिनवलेल्या छोट्या कागदी चकत्या) लावून शंभर ठिकाणांहून एकदाच घेतलेल्या नमुन्यांचा तक्ता दिसतो भरगच्च, पण त्याची तुलना कशाशीच करता येत नाही.

यासाठी चांगला आराखडा तयार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये 'ट्रायसायकल' नावाची कार्यपद्धती प्रसिद्ध केली. माणूस, अन्नसाखळी आणि पर्यावरण अशी तिची तीन चाकं आहेत आणि तिन्हींकडे एकच गोष्ट मोजायची: ईएसबीएल बनवणारा ई. कोलाय. ईएसबीएल म्हणजे सेफोटॅक्सिमसारखी तिसऱ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन औषधं तोडणारी एन्झाइम्स. हाच जिवाणू निवडण्यामागे विचार आहे. ई. कोलाय माणसाच्या आणि कोंबडीच्याही आतड्यात असतो, पाण्यात मैला मिसळल्याची खूण म्हणून तो आपण कायमच मोजत आलो आहोत, आणि ईएसबीएलची जनुकं बहुधा प्लाझ्मिडवर (डीएनएच्या सुट्या वर्तुळावर) असल्यामुळे एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात. मुख्य म्हणजे एवढ्यासाठी पीसीआर लागत नाही.

जागा

पर्यावरणासाठी या पद्धतीत चार प्रकारच्या जागा आहेत: शहराच्या वरची नदी, शहराच्या खालची नदी, वस्तीचं मैलापाणी आणि कत्तलखान्याचं किंवा चिकन बाजाराचं सांडपाणी. तुमच्याकडे मुठेवर खडकवासला धरणाखालची जागा 'वरची' म्हणून घेता येईल. मात्र पवनेचं पाणी घेऊन पिंपरी-चिंचवडचा भार आणणारी मुळा संगमावर मुठेला मिळते, त्यामुळे मुळेवरही शहरात शिरण्याआधीची एक जागा हवीच. ती सोडली तर खाली मांजरी किंवा थेऊरला दिसणारी वाढ कुठल्या शहराची, हे सांगता येणार नाही. मैलापाण्यासाठी शुद्धीकरण केंद्रात येणारं कच्चं पाणी घ्या. महापालिकेची लेखी परवानगी घ्यायला वेळ जातो, अर्ज आत्ताच करून ठेवा. पाच जागा आणि वर्षातून आठ फेऱ्या, म्हणजे चाळीस नमुने. विद्यार्थ्यांच्या ताकदीत हे बसतं.

आठपैकी निदान दोन फेऱ्या पावसाळ्यात असू द्या. धरणातून विसर्ग सुरू झाला की पाणी पातळ होतं आणि १०० मिलीमधला आकडा कोसळतो. एकूण ई. कोलायमधला ईएसबीएलचा वाटा मात्र त्याच प्रमाणात पडेल असं नाही. नुसती संख्या न मोजता गुणोत्तर का मोजायचं, हे इथे डोळ्यांसमोर दिसतं. जोराचा पाऊस झाला असेल तर तीन दिवस थांबा, आणि थांबणं शक्य नसेल तर वहीत तशी नोंद करा. सगळ्या फेऱ्यांत नमुना एकाच वेळेला घ्या, सकाळी आठ ते दहा ठीक. घराघरांतली सकाळची गर्दी आणि दुपारची शांतता मैलापाण्याच्या आकड्यात स्पष्ट उमटते.

नमुना घेताना

५०० मिलीच्या निर्जंतुक बाटल्या घ्या. क्लोरिन दिलेलं पाणी असण्याची जराही शक्यता असेल (शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारं पाणी बहुधा असतंच) तर ऑटोक्लेव्ह करण्याआधी बाटलीत १० टक्के सोडियम थायोसल्फेटचं ०.४ मिली द्रावण टाका. हे राहून गेलं तर क्लोरिन बाटलीतही जिवाणू मारत राहतो आणि तीन तासांनी ते पाणी प्लेटवर (जिवाणू उगवायच्या बशीत) टाकल्यावर काही उगवलं नाही की केंद्र उत्तम चाललंय असा गैरसमज होतो.

पात्राच्या मध्याजवळ, पृष्ठभागाखाली १५ ते ३० सेंटिमीटर, बाटलीचं तोंड प्रवाहाकडे. तळ ढवळू देऊ नका. गाळात जिवाणू पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतात आणि चमचाभर गाळ आला तरी तुमची नदी एकदम 'बिघडते'. पुलावरून बादली सोडणार असाल तर आधी त्याच पाण्याने तीनदा विसळा. बाटली काठोकाठ भरू नका, हलवायला दोन-तीन सेंटिमीटर जागा राहू द्या. बर्फाच्या पेटीत २ ते ८ अंशांवर न्या, पण बाटली बर्फाच्या पाकिटाला चिकटू देऊ नका, गोठलेल्या पेशी मरतात. सहा तासांत प्लेटवर गेलं तर उत्तम, चोवीस तासांच्या पुढे गेलं तर तो नमुना टाकून द्या. दर फेरीला एका बाटलीत निर्जंतुक पाणी नेऊन नदीकाठी झाकण उघडा, बंद करा आणि बाकीच्यांसारखंच तपासा. त्या प्लेटवर निळी कॉलनी (ई. कोलायच्या वाढीचा ठिपका) आली तर त्या दिवसाचे सगळे आकडे संशयित.

माध्यम आणि औषध

टीबीएक्स अगार (जिवाणू वाढवण्याचं जेलीसारखं माध्यम) वापरा. त्यावर ई. कोलाय निळा-हिरवा दिसतो, कारण त्याचं ग्लुक्युरोनिडेज एन्झाइम माध्यमातला रंगद्रव्याचा रेणू तोडतं. मॅकाँकी अगार स्वस्त पडतो, पण त्यावर ई. कोलायसारखाच क्लेबसिएला हा दुसरा जिवाणूही गुलाबीच दिसतो. पैशांपायी मॅकाँकीच घ्यावा लागला तर प्रत्येक प्लेटवरच्या दहा कॉलन्यांची इंडोल चाचणी (ई. कोलाय ओळखण्याची रासायनिक चाचणी) करून मोजणी दुरुस्त करावी लागेल, त्यात वाचलेले पैसे विद्यार्थ्यांच्या वेळात जातात. हिशोब करा: चाळीस नमुने, तीन विरलनं (नमुना पातळ करण्याच्या पायऱ्या), दोन माध्यमं, प्रत्येकी दोन प्लेट, म्हणजे ४८० प्लेट. प्लेटला २० मिली धरले तर जवळपास दहा लिटर अगार. एक ५०० ग्रॅमचा डबा साधारण तेवढ्याला पुरतो, पण तपासणीच्या प्लेट आणि वाया जाणारं धरून दोन डबे मागवा, आणि दोन्ही एकाच बॅचचे.

निम्म्या प्लेट साध्या, निम्म्यांत सेफोटॅक्सिम ४ मायक्रोग्रॅम प्रति मिली. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून सविस्तर लिहितो. पुडीवर 'पोटन्सी' (पावडरीत खरं औषध किती, ते प्रमाण) छापलेली असते. ती समजा ९२० मायक्रोग्रॅम प्रति मिलिग्रॅम आहे. तुम्हाला ४० मिलिग्रॅम खरं औषध हवं असेल तर ४० भागिले ०.९२, म्हणजे ४३.५ मिलिग्रॅम पावडर तोला. ती १० मिली निर्जंतुक पाण्यात विरघळवा, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा, एक-एक मिलीच्या नळ्या भरून उणे २० अंशांवर ठेवा. एक नळी एकदाच वितळवायची, उरलेलं पुन्हा गोठवायचं नाही. एक लिटर अगारला एक मिली पुरतं.

अगार ऑटोक्लेव्हमधून काढल्यावर ४७ ते ५० अंशांपर्यंत उतरू द्या, मगच औषध घाला. वॉटर बाथमध्ये निदान पाऊण तास ठेवा आणि थर्मामीटरने खात्री करा. हाताला सोसतंय म्हणून ओतू नका. गरम अगारात सेफोटॅक्सिम तुटतं, ठरलेले ४ मायक्रोग्रॅम उरत नाहीत, आणि साधे ई. कोलायही उगवायला लागतात. मग प्रतिरोधाचं प्रमाण ऐंशी टक्के दिसतं आणि सगळे हबकतात! तयार प्लेट अंधारात, ४ अंशांवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा.

म्हणून प्रत्येक बॅचला दोन जिवाणू लावायचेच: एटीसीसी २५९२२ हा संवेदनशील ई. कोलाय, तो साध्या प्लेटवर उगवला पाहिजे आणि औषधाच्या प्लेटवर अजिबात नाही. आणि एनसीटीसी १३३५३ हा सीटीएक्स-एम-१५ नावाचं ईएसबीएल असलेला ई. कोलाय, तो दोन्हींवर उगवला पाहिजे. संदर्भ जिवाणूंसाठी चंडीगडच्या एमटीसीसी या जिवाणूसंग्रहाकडे किंवा पुण्यातल्या संग्रहांकडे आधी चौकशी करा. ही पडताळणी नसलेला डेटा कुणी मागितला तरी देऊ नका.

पसरवणं, मोजणं

मैलापाण्याला गाळणी लागत नाही. ०.१ मिली प्लेटवर पसरवा: साध्या प्लेटवर दहापट, शंभरपट आणि हजारपट विरलन, औषधाच्या प्लेटवर विरलन न करता, दहापट आणि शंभरपट. शहराखालच्या नदीला एक पायरी अलीकडून सुरुवात करा. धरणाखालचं पाणी मात्र ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीवर १००, १० आणि १ मिली असं गाळून गाळणी प्लेटवर ठेवा. १ मिली गाळताना नरसाळ्यात आधी २० मिली निर्जंतुक पाणी ओता, नाहीतर सगळ्या कॉलन्या एका कोपऱ्यात जमतात. पावसाळ्यात गढूळ पाण्याने गाळणी तुंबते, तेव्हा जबरदस्ती करू नका. १०० मिली चार-पाच गाळण्यांवर वाटून घ्या आणि बेरीज करा.

पाण्यातले जिवाणू थंडी आणि उपासमार सोसून आलेले असतात. त्यांना थेट ४४ अंशांवर टाकलं तर बरेचसे उगवतच नाहीत. पहिले चार तास ३७ अंश, मग ४४ अंशांवर १८ ते २० तास. इनक्युबेटर दोन असल्यामुळे तुम्हाला हे जमेल. ४४ च्या इनक्युबेटरमध्ये वरच्या आणि खालच्या कप्प्यात दोन अंशांचा फरक असणं अगदी सर्रास आहे. प्रत्येक कप्प्यात स्वतंत्र थर्मामीटर ठेवून एकदा नीट तपासा.

१५ ते १५० निळ्या कॉलन्या असलेली प्लेट मोजायला घ्या. उदाहरण बघा. साध्या प्लेटवर शंभरपट विरलनाच्या ०.१ मिलीत ६२ निळ्या: ६२ गुणिले १०० गुणिले १०, म्हणजे ६२,००० प्रति मिली. औषधाच्या प्लेटवर दहापट विरलनाच्या ०.१ मिलीत ४८: ४८ गुणिले १० गुणिले १०, म्हणजे ४,८०० प्रति मिली. गुणोत्तर ७.७ टक्के. औषधाच्या प्लेटवर पांढऱ्या-पिवळट कॉलन्या भरपूर येतील. त्यात स्यूडोमोनास आणि ॲसिनेटोबॅक्टरसारखे, सेफोटॅक्सिमला तसेही न जुमानणारे जिवाणू असतात, त्यांना मोजायचं नाही. पण त्यांची इतकी दाटी झाली की निळ्या कॉलन्या दबतात, तर पुढच्या विरलनाची प्लेट घ्या.

मग खात्री. प्रत्येक औषधाच्या प्लेटवरून पाच निळ्या कॉलन्या उचला, पण मोठ्या, सुबक, सुट्या दिसणाऱ्या निवडू नका. प्लेटच्या मागे मार्करने आडवी रेघ ओढा आणि डावीकडून रेघेवर येणाऱ्या पहिल्या पाच घ्या. डोळ्याला आवडणारी कॉलनी निवडणं हा इतका सहज होणारा पक्षपात आहे की अनुभवी हातही त्यातून सुटत नाही. त्या पुन्हा औषधाच्या प्लेटवर शुद्ध करा, इंडोल करा (कोव्हॅक्सचा लाल कडा आला पाहिजे), मग म्यूलर-हिंटन अगारवर जोड-चकती चाचणी: सेफोटॅक्सिम ३० मायक्रोग्रॅमची एक चकती आणि सेफोटॅक्सिम-क्लॅव्युलॅनेट ३०/१० ची दुसरी, तसंच सेफ्टाझिडिमची जोडी. क्लॅव्युलॅनेट ईएसबीएलला रोखतं, म्हणून त्याच्या चकतीभोवतीचं जिवाणू न उगवलेलं वर्तुळ साध्या चकतीच्या वर्तुळापेक्षा ५ मिलिमीटर किंवा जास्त मोठं आलं तर ईएसबीएल पक्का. अगारची जाडी ४ मिलिमीटर हवी. पातळ प्लेटवर वर्तुळं मोठी येतात आणि प्रतिरोध कमी दिसतो. २५९२२ ला साध्या सेफोटॅक्सिमचं वर्तुळ २९ ते ३५ मिलिमीटरमध्ये आलं नाही तर त्या दिवसाची चाचणी रद्द. काही जिवाणू औषधाच्या प्लेटवर उगवतात पण ५ मिलिमीटरचा फरक दाखवत नाहीत. त्यांच्यात बहुधा ॲम्प-सी हे औषध तोडणारं दुसरं एन्झाइम असतं, ती वेगळी रांग ठेवा.

एक सावधानता: कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा प्रतिरोध चकतीने तपासू नका. त्याचा रेणू मोठा आहे, अगारमध्ये नीट पसरत नाही आणि वर्तुळं फसवी येतात. त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच (द्रव माध्यमात औषधाच्या चढत्या मात्रा लावून तपासणं) लागतं.

कोंबड्यांचं लिटर

आता शेतीच्या बाजूला येऊ. फार्मवर लिटर गोळा करण्याआधी औषध किती वापरलं गेलं ते मोजा, नाहीतर जिवाणूंच्या आकड्याला कारण जोडता येणार नाही. कंत्राटी पद्धतीत औषधं कंपनीचा सुपरवायझर देतो, शेतकऱ्याला बाटलीवरचं नाव आठवतं पण आतलं औषध माहीत नसतं. 'गेल्या महिन्यात काय दिलं' या प्रश्नाला मिळणारं उत्तर म्हणूनच कच्चं असतं. सोपा उपाय असा: शेडच्या दाराशी एक गोणी टांगा आणि पिल्लं आल्यापासून माल उचलेपर्यंत प्रत्येक रिकामी बाटली, पुडी तिच्यात टाकायला सांगा. बॅच संपली की गोणी उघडून यादी करा. १०० मिलीच्या १० टक्के एन्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या बाटलीत १० ग्रॅम औषध असतं. अशा किती बाटल्या आणि उचललेल्या कोंबड्यांचं एकूण वजन किती, यावरून मिलिग्रॅम प्रति किलो काढा. एन्रोफ्लॉक्सॅसिनचं कोंबडीच्या शरीरात काही अंशी सिप्रोफ्लॉक्सॅसिन बनतं, आणि ते माणसांचं औषध आहे, हे शेतकऱ्याला समजावून सांगितलं की गोणी नीट भरते.

याच भेटीत औषधबंदीचा काळही (शेवटच्या मात्रेपासून माल विकेपर्यंत थांबायचे दिवस) विचारा. लेबलवर ठराविक मुदत नसेल तर भारतीय नियमाप्रमाणे मांसासाठी २८ दिवस, अंडी आणि दुधासाठी ७ दिवस. ब्रॉयलरची सगळी बॅचच पाच-सहा आठवड्यांची असते. तिसऱ्या आठवड्यात दिलेल्या औषधाला २८ दिवस मिळणारच नाहीत, हे कागदावर मांडून दाखवा.

लिटरचा नमुना एका जागेवरचा नको. निर्जंतुक, ओले केलेले कापडी मोजे बुटांवर चढवून शेडभर निदान शंभर पावलं चाला, किंवा दहा ठिकाणांहून मूठ-मूठ घेऊन एकत्र करा. पाण्याच्या निपलखाली ओलं लिटर असतं, तिथून एकच नमुना घेतला तर आकडा फुगतो. एकाच दिवशी दोन फार्म करू नका, करावेच लागले तर लहान पिल्लांच्या शेडपासून सुरुवात, आणि बूट, कपडे प्रत्येक ठिकाणी नवे. शेतकऱ्याचं नुकसान होईल असा रोग तुमच्या पायाने जाता कामा नये.

१० ग्रॅम लिटर ९० मिली पेप्टोन पाण्यात, दोन मिनिटं जोराने हलवून पुढे पाण्यासारखंच. वेगळा नमुना १०५ अंशांवर २४ तास वाळवून कोरडं वजन काढा आणि आकडे कोरड्या वजनावर द्या. या विरलनाचं ०.१ मिली पसरवलं म्हणजे प्लेटवर ०.०१ ग्रॅम लिटर गेलं. काही उगवलं नाही तर 'शून्य' लिहू नका, 'ओल्या वजनाच्या ग्रॅमला १०० पेक्षा कमी' लिहा.

खऱ्या संशोधनाची जागा

मोजमापापेक्षा उपायाची चाचणी जास्त मोलाची आहे. तुमच्या भागात कोंबडीखत थेट उसाला, भाजीला पडतं. तेव्हा साधा प्रयोग लावा: तीन ढीग शेतकरी करतो तसे, न हलवता; तीन ढीग नीट कंपोस्ट केलेले. लिटरमध्ये नत्र फार असतं, म्हणून उसाचं पाचट मिसळून कर्ब-नत्र गुणोत्तर २५ ते ३० वर आणा. ओलावा ५० ते ६० टक्के: मूठ घट्ट आवळली की बोटांमधून एक-दोन थेंब यावेत, धार नको. ढिगाची उंची आणि रुंदी मीटरभराहून कमी केली तर तो तापतच नाही. लांब दांडीच्या थर्मामीटरने तीन खोलींवर रोज तापमान घ्या. अमेरिकेतला उघड्या ढिगांचा निकष ५५ अंशांच्या वर १५ दिवस आणि त्यात पाच वेळा उलथापालथ असा आहे. उलथापालथ महत्त्वाची, कारण ढिगाची साल थंड राहते आणि सगळे जिवंत जिवाणू तिथेच टिकतात. दिवस ०, ७, १४, ३० आणि ६० ला प्रत्येक ढिगाच्या दहा ठिकाणांहून एकत्र नमुना.

इथे एक इशारा आहे. ई. कोलाय उष्णतेने मरतो, पण प्रतिरोधाची जनुकं त्याच्यासोबत संपतातच असं नाही. ती इतर, उष्णता सोसणाऱ्या जिवाणूंत असू शकतात. म्हणून दर नमुन्याचे दोन ग्रॅम उणे २० वर राखून ठेवा आणि पुढे पीसीआर असलेल्या प्रयोगशाळेशी बोलून एकच जनुक मोजून घ्या: वर्ग-१ इंटेग्रॉनचं (इंटेग्रॉन म्हणजे प्रतिरोधाची जनुकं गोळा करणारा डीएनएचा तुकडा). माणसांच्या वस्तीचं, औषधांचं प्रदूषण आणि प्रतिरोध यांची ती चांगली सामाईक खूण आहे. ते नेहमी सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या १६एस जनुकाच्या प्रमाणात द्या. खतातल्या ह्युमिक द्रव्यांनी पीसीआर अडतो, त्यामुळे डीएनए दहापट पातळ करूनही चालवायला सांगा. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर अडथळा आहे. औषधांचे अंशही वेगवेगळे वागतात: टेट्रासायक्लिन कंपोस्टमध्ये बऱ्यापैकी घटतं, एन्रोफ्लॉक्सॅसिनच्या कुळातली औषधं घन भागाला चिकटून मागे राहतात.

औषध थांबवलं की प्रतिरोध लगेच उतरतो अशी अपेक्षाही ठेवू नका. डेन्मार्कने १९९५ मध्ये पशुखाद्यातलं ॲव्होपार्सिन हे व्हँकोमायसिनच्या कुळातलं प्रतिजैविक बंद केलं. कोंबड्यांत व्हँकोमायसिन-प्रतिरोधी एन्टरोकॉकस घटले, डुकरांत मात्र ते तसेच राहिले, कारण तिथे टायलोसिन हे दुसरं प्रतिजैविक चालू होतं आणि दोन्ही प्रतिरोधांची जनुकं एकाच प्लाझ्मिडवर होती. टायलोसिन १९९८ मध्ये थांबलं, तेव्हा कुठे तेही उतरले. आपल्याकडे १९ जुलै २०१९ च्या अधिसूचनेने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी आली. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी त्याचा वापर थांबवल्यावर तिथल्या डुकरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिन-प्रतिरोधी ई. कोलाय स्पष्टपणे घटले. बंदी काम करते, पण शेजारी दुसरं कोणतं औषध, जस्त किंवा तांबं चालू आहे हे पाहूनच तिचा परिणाम वाचता येतो.

शेतं आणि डाळिंबबागा

शेतात खत टाकण्याआधी, मग १, ७, ३० आणि ९० दिवसांनी मातीचे नमुने, शेजारी फक्त रासायनिक खताचा पट्टा तुलनेला. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीचं पाणी उपसणाऱ्या केंद्रातून) बेबी कालव्यात जाणारं पाणी ज्या शेतांना मिळतं, तिथली कोथिंबीर किंवा पालक (२५ ग्रॅम, २२५ मिली पेप्टोन पाण्यात) आणि विहिरीच्या पाण्यावरची तीच भाजी, ही जोडी तुमच्या नदीच्या कामाला थेट जोडली जाईल.

कुणी विद्यार्थी सोलापूर, सांगोल्याकडचा असेल तर डाळिंबाचा तेल्या हा वेगळा, फार महत्त्वाचा विषय आहे. झँथोमोनासमुळे होणाऱ्या या रोगावर स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचं ९ ला १ मिश्रण वर्षानुवर्षं फवारलं गेलं. स्ट्रेप्टोमायसिन क्षयरोगावरचं औषध असल्यामुळे केंद्र सरकारने १७ डिसेंबर २०२१ च्या मसुदा आदेशात शेतीतला त्याचा वापर १ जानेवारी २०२४ पासून पूर्ण बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. फवारणी थांबलेल्या बागांत पानांवरचा प्रतिरोध किती काळ टिकतो, हे मोजण्याची हीच वेळ आहे. मातीत मात्र न फवारलेल्या बागेची तुलना नसेल तर निष्कर्ष काढू नका. स्ट्रेप्टोमायसिन मुळात मातीतल्याच जिवाणूंनी बनवलेलं, त्याला न जुमानणारे जिवाणू तिथे आधीपासून असतात. बोर्डोची (तांबंयुक्त फवारणीच्या मिश्रणाची) नोंदही ठेवा. औषधाच्या जागी तांबं वाढलं, आणि तांब्याला तोंड देणारी जनुकं प्रतिजैविकांच्या जनुकांशेजारी असली, तर निवड चालूच राहते.

औषधांचे अंश पाण्यात मोजणं तुमच्या आवाक्याबाहेर आहे, ते बाहेरून करून घ्यावं लागेल. मोजलंच तर सिप्रोफ्लॉक्सॅसिन. लिटरला ०.०६४ मायक्रोग्रॅमच्या वर ते प्रतिरोधी जिवाणूंची निवड करू शकतं, असा एक मान्य अंदाज आहे. हैदराबादजवळ पाटनचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी घेणाऱ्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात २००७ मध्ये लिटरला ३१,००० मायक्रोग्रॅमपर्यंत सापडलं होतं. औषध निर्मितीच्या सांडपाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. भारताने जानेवारी २०२० च्या मसुद्यात सुचवलेल्या मर्यादा अंतिम नियमांतून वगळल्या. तुमच्या जिल्ह्यात असा कारखाना असेल तर त्याच्या खालचा नाला सहावी जागा म्हणून घ्याच.

जिवाणू आणि कचरा

हे जिवाणू सुरक्षा-पातळी दोनचे आहेत. हातमोजे, ॲप्रन, टेबलला १ टक्का हायपोक्लोराइट, कापलेल्या बोटाने काम नाही. प्लेट १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर जाणार नाहीत. ऑटोक्लेव्हने जिवाणू मरतात, औषध सगळंच मरतं असं नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिन तर बरंचसं टिकतं. त्यामुळे औषधाची द्रावणं बेसिनमध्ये ओतू नका, जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्या संस्थेकडे भट्टीसाठी द्या. शुद्ध केलेले जिवाणू २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० वर, प्रत्येकी दोन नळ्या, आणि नळीवर तारीख, जागा, प्लेट क्रमांक. उणे ८० नसेल तर सोय असलेल्या संस्थेशी आधी करार करा, कारण पुढे जनुकक्रम वाचायची संधी आली तर हेच जिवाणू लागतील.

नमुने सुरू करण्याआधी पहिला महिना फक्त प्लेट बनवा. दोन्ही संदर्भ जिवाणू सलग पाच बॅचमध्ये अपेक्षेप्रमाणे वागले, आणि एकाच बाटलीतल्या मैलापाण्याची दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे केलेली मोजणी दुपटीच्या आत जुळली, की मगच पहिली फेरी करा. फार्मवाल्यांना त्यांच्या लिटरचा निकाल मराठीत एका पानावर द्या. बॅच, औषध आणि गुणोत्तर एवढंच त्यात लिहा, दुसऱ्या कुणाच्या फार्मचं नाव नको, म्हणजे पुढच्या बॅचलाही ते गोणी टांगू देतील.